रानवाटेच्या गाडीचा हिशेब

बऱ्हाणपुराहून उत्तरेकडे खांडव्याच्या वाटेला लागले म्हणजे काही वेळातच अशीरगडाची उंच पाठ दिसू लागते. दक्षिणेत उतरणाऱ्या सैन्यांना ज्या खिंडीतून जावे लागे, तिच्यावर हा किल्ला पहारा करीत उभा आहे, म्हणूनच त्याला दख्खनचा दरवाजा असे नाव पडले. आज त्या वाटेने डांबरी सडक जाते. परंतु सडक सोडून सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांकडे वळले, अथवा तापीकाठच्या केळीच्या बागांत आषाढ-श्रावणात शिरले, की काळ्या मातीचे जुने राज्य पुन्हा सुरू होते. पावसाने भिजलेली ही माती चाकाला असा विळखा घालते की शहरी मोटार जागच्या जागी रुतून बसते. अशा मुलखात जीपगाडीचे आकर्षण वाटणे ही केवळ हौस नव्हे. तिच्यामागे गरजही आहे. म्हणूनच या गाडीच्या वाढत्या किमतीचा प्रश्न बऱ्हाणपूर, रावेर आणि मुक्ताईनगरच्या बागायतदाराला एखाद्या चैनीच्या वस्तूच्या भावासारखा दूरचा वाटत नाही. त्याच्या दृष्टीने तो एका हंगामाच्या, कधी दोन हंगामांच्या पिकाचा प्रश्न असतो.

जीप या देशात आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, अमेरिकन लष्कराचे वाहन म्हणून. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी हाती घेतली आणि पाहता पाहता ‘जीप’ हे एका गाडीचे नाव न राहता एका जातीचे नाव बनले. जंगलखाते, पाटबंधारे, पोलीस, मोजणी, निवडणूक यांतील प्रत्येक कामी ती धावली. त्या गाडीत सुखसोयी जवळजवळ नव्हत्याच. वर कापडी छत, आत साधी बाके, आणि खाली मजबूत चौकट. पण चारही चाकांना यंत्राचा जोर मिळण्याची सोय मात्र तिच्यात होती, आणि तिची खरी किंमत त्या सोयीतच होती.

या सोयीचे स्वरूप नीट समजल्याखेरीज किमतीचा हिशेब समजणार नाही. साध्या मोटारीत इंजिनाचा जोर पुढच्या अथवा मागच्या दोनच चाकांना जातो. ‘फोर बाय फोर’ गाडीत गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी असते. ती जोर विभागून पुढच्या आसाकडेही पाठविते आणि जरूर पडल्यास मंद पण दमदार अशा खालच्या गतीत गाडी चालवू देते. त्यासाठी पुढचा आसही जोर वाहणारा करावा लागतो आणि त्याच्यापर्यंत वेगळा दांडा न्यावा लागतो. याखेरीज आणखी एक अडचण असते. आसाची दोन चाके जोडणारी दातेरी रचना वळणावर सोयीची असली, तरी चिखलात ती उलटते. जे चाक घसरते तेच गरगर फिरत राहते आणि घट्ट जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते. ही रचना तात्पुरती जखडून ठेवण्याच्या योजनेस ‘लॉक’ म्हणतात. चार चाकांचा जोर, खालची गती आणि लॉक ही तीन अंगे म्हणजे रानवाटेच्या गाडीचा गाभा होय. बाकीचे सर्व अलंकार समजावेत.

हा भेद लक्षात ठेवून अलीकडच्या काही वर्षांतील किमतींकडे पाहिले, तर एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या ‘थार’ गाडीचा नवा अवतार 15 ऑगस्ट 2020 रोजी लोकांपुढे आला आणि 2 ऑक्टोबर 2020 रोजी त्याच्या किमती जाहीर झाल्या. सर्वांत कमी किंमत होती 9 लाख 80 हजार रुपये. त्या वेळी प्रत्येक थार चारही चाकांना जोर देणारी होती. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस सर्वांत खालच्या पायऱ्या यादीतून वगळल्या गेल्या आणि सुरुवातीची किंमत 11 लाख 90 हजारांवर गेली. येथे कोणत्याही एका गाडीचा भाव वाढलेला नव्हता. शिडीच्या खालच्या पायऱ्या तेवढ्या काढून घेतल्या गेल्या होत्या. तरीही स्वस्तातली गाडी घेण्यास निघालेल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने 2 लाख 10 हजारांची वाढ झालीच. प्रत्यक्ष भाववाढ 2021 सालापासून निराळी सुरू झाली.

पुढे जानेवारी 2023 मध्ये तीच थार पुन्हा 9 लाख 99 हजारांपासून मिळू लागली. ही किंमत पहिल्या दहा हजार नोंदण्यांपुरती आहे, असेही तेव्हा सांगण्यात आले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये सुधारलेली गाडी आली तीही 9 लाख 99 हजारांपासूनच. वरवर पाहता पाच वर्षांत किंमत केवळ 19 हजारांनी वाढली, असा समज होईल. परंतु 2020 साली 9 लाख 80 हजारांत मिळणारी गाडी चारही चाकांनी ओढणारी होती, तर 9 लाख 99 हजारांची गाडी केवळ मागच्या दोन चाकांनी चालते. आकडा तोच राहिला, पण आतला माल बदलला. जी सोय पूर्वी गाडीचा प्राण होती, ती आता वरच्या पायरीवर जाऊन बसली.

हा प्रकार एकाच गाडीपुरता नाही. पाच दारांची ‘थार रॉक्स’ 15 ऑगस्ट 2024 रोजी 12 लाख 99 हजारांपासून जाहीर झाली. ऑक्टोबरमध्ये नोंदणी खुली होताच पहिल्या तासातच 1 लाख 76 हजारांहून अधिक लोकांनी नावे घातली. परंतु तिची चारही चाकांना जोर देणारी सर्वांत स्वस्त मांडणी 18 लाख 79 हजारांना होती. म्हणजे वृत्तपत्रातील जाहिरातीचा आकडा आणि चिखलातून बाहेर काढणाऱ्या गाडीचा आकडा यांत 5 लाख 80 हजारांचे अंतर होते. अर्थात ते सारे अंतर चार चाकांच्या जोराचे नव्हे. मधल्या पायऱ्यांवरील इतर अनेक वस्तूही त्याबरोबर घ्याव्या लागतात, आणि मेख नेमकी तेथेच आहे.

याच्या उलट दोन उदाहरणे आहेत. पुण्याच्या फोर्स मोटर्सची ‘गुरखा’ सप्टेंबर 2021 मध्ये 13 लाख 59 हजारांना आली. 2024 साली तिची तीन दारांची गाडी 16 लाख 75 हजारांवर पोहोचली. वाढ तीन लाखांहून अधिक. पण त्या अवधीत इंजिनाची शक्ती सुमारे 91 अश्वशक्तींवरून 140 वर गेली, आणि चार चाकांचा जोर व दोन्ही आसांचे लॉक गाडीबरोबरच मिळत राहिले. मारुतीची ‘जिम्नी’ जून 2023 मध्ये 12 लाख 74 हजारांपासून निघाली. तिच्यातही चार चाकांचा जोर प्रत्येक मांडणीत आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस मुदतीच्या एका योजनेत तिची सुरुवात 10 लाख 74 हजारांवर खाली आली. भाव नेहमी चढतच असतो असे नाही. मागणी मंद झाली की तो उतरतोही. उतावीळ गिऱ्हाइकाने एवढे जरी ध्यानात ठेवले, तरी त्याचा पुष्कळ लाभ होईल.

किमती चढण्याची कारणे लपलेली नाहीत. 1 एप्रिल 2020 पासून धुराविषयीचे भारत स्टेज सहा हे कडक नियम लागू झाले आणि 1 एप्रिल 2023 पासून त्यांचा दुसरा टप्पा आला. त्यानुसार गाडीतून बाहेर पडणारा धूर केवळ प्रयोगशाळेत नव्हे, तर प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजला जाऊ लागला. डिझेल गाडीला धूर शुद्ध करणारी महागडी उपकरणे त्यामुळे अपरिहार्य झाली. 2021 साली पोलादाचे भाव चढले आणि विद्युत्-चकत्यांचा जगभर तुटवडा पडला. सुरक्षिततेच्या अपेक्षाही वाढल्या. 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत थारला प्रौढांच्या आणि मुलांच्याही सुरक्षिततेसाठी चार तारे मिळाले. जुन्या उघड्या जीपला असे मोजमापही कोणी लावले नव्हते. येथपर्यंतच्या वाढीबद्दल तक्रार करणे न्याय्य होणार नाही. शुद्ध हवा आणि धडधाकट हाडे यांची किंमत कोणी तरी मोजलीच पाहिजे.

तक्रारीला जागा आहे ती निराळ्या ठिकाणी. परदेशांत कित्येक कारखाने एकेक वस्तू सुटी निवडू देतात. लॉक हवे तर लॉक, रंग हवा तर रंग. आपल्याकडे बहुधा वस्तूंची गाठोडी बांधलेली असतात. एका गाठोड्यात मोठा पडदा, मिश्रधातूची चाके, कातडी बैठका आणि छतातील खिडकी असते आणि त्यांच्याच तळाशी गिऱ्हाइकाला खरोखर हवी असलेली एखादी वस्तू असते. किराणा दुकानात मीठ मागावे आणि केशर घेतल्याखेरीज मीठ मिळू नये, असा हा व्यवहार होय. दुकानदार यात खोटे काही बोलत नाही. पण मिठाचा भाव काय, हे मात्र गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही.

या गाठोड्यांवर कराची दुसरी गाठ बसते. 22 सप्टेंबर 2025 पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात आले. चार मीटरांपेक्षा लांब नसलेल्या, डिझेल असल्यास 1,500 आणि पेट्रोल असल्यास 1,200 घन सेंटिमीटरांपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांना 18 टक्के, आणि त्याहून मोठ्यांना 40 टक्के. तीन दारांची थार चार मीटरांच्या आत, म्हणजे 3,985 मिलिमीटर लांब आहे. तिचे लहान डिझेल इंजिन 1,500 च्या मर्यादेत बसते. परंतु ते फक्त मागच्या दोन चाकांच्या गाडीत मिळते. चार चाकांचा जोर हवा असेल तर मोठे इंजिन घ्यावे लागते, आणि मोठे इंजिन आले की कर 18 वरून 40 टक्क्यांवर जातो. कर कपातीच्या वेळी दोन चाकांच्या डिझेल थारवरील कर 31 टक्क्यांवरून 18 वर येऊन ती 1 लाख 35 हजारांपर्यंत स्वस्त झाली. चार चाकांच्या डिझेल थारवरील कर 48 वरून 40 वर येऊन ती 1 लाख 1 हजारापर्यंतच उतरली. कर दोघींचा कमी झाला. पण दोघींमधील अंतर वाढले. करापूर्वीची किंमत 9 लाख धरली, तर 18 टक्क्यांनी ती 10 लाख 62 हजार होते आणि 40 टक्क्यांनी 12 लाख 60 हजार. एका पत्र्याचा, एका खिळ्याचाही फरक नसताना 1 लाख 98 हजारांचा फरक पडतो.

दुकानातील किमतीवर रस्त्यावर येण्याचा खर्च चढतो. नोंदणीकर प्रत्येक राज्याचा वेगळा. महाराष्ट्रात 2025 साली डिझेल मोटारीस 10 लाखांपर्यंत 13 टक्के आणि 10 ते 20 लाखांपर्यंत 14 टक्के असा दर होता. मध्य प्रदेशातही किमतीच्या टप्प्यांप्रमाणे टक्का चढत जातो. टप्पा ओलांडला की केवळ वरच्या रकमेवर नव्हे, तर साऱ्या किमतीवर वाढीव दर बसतो. 9 लाख 99 हजारांच्या गाडीवर 13 टक्क्यांनी 1 लाख 29 हजार 870 रुपये होतात. तिच्यावर 50 हजारांची एक पायरी चढली की 14 टक्क्यांनी 1 लाख 46 हजार 860 रुपये. पन्नास हजारांच्या हौशीने सतरा हजारांचा कर आपल्यामागे ओढून आणला. शिवाय 10 लाखांवरील गाडीच्या विक्रीवर एक टक्का आयकरापोटी दुकानातच कापून घेतात. ही रक्कम वर्षाअखेरच्या विवरणपत्रात वळती होते किंवा परत मिळते. म्हणून तिला खर्च न मानता अडकून पडलेला पैसा मानावे, आणि विवरणपत्र भरताना तिचा विसर पडू देऊ नये.

सरहद्दीवरील लोकांच्या मनात येथे एक विचार येतोच. जळगावात मामा आहे, रावेरला बहीण आहे; मग जेथे कर कमी तेथे गाडी का नोंदवू नये? कायद्याचे उत्तर सरळ आहे. मालक जेथे राहतो अथवा धंदा करतो आणि गाडी जेथे सामान्यतः असते, त्या राज्यातच नोंदणी व्हावयास पाहिजे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक राहिली तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि तेथील करही भरावा लागतो. बऱ्हाणपुरात वावरणाऱ्या गाडीला अखेर ‘एम. पी. 68’ हीच पाटी योग्य.

विम्याचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला तिऱ्हाइताच्या हानीचा तीन वर्षांचा विमा एकदमच घ्यावा लागतो. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकाप्रमाणे 1,000 ते 1,500 घन सेंटिमीटरांच्या इंजिनाला त्यापोटी 10 हजार 640 रुपये आणि त्यावरील इंजिनाला 24 हजार 596 रुपये पडतात. त्यावरील कर निराळा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा याखेरीज. तो गाडी विकणाऱ्याकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. दोन-तीन ठिकाणी विचारणा केल्यास बरीच बचत होऊ शकते. पावतीवर ‘हँडलिंग’ अथवा ‘अत्यावश्यक साहित्य’ अशा नावाची रक्कम दिसली, तर ती कशाबद्दल आहे हे लेखी मागावे. कर आणि विमा यांच्या पंक्तीत ती बसली, म्हणून ती सक्तीची ठरत नाही.

बाजारात मिळणाऱ्या सुट्या अलंकारांची गोष्ट तर याहून निराळी. पुढच्या भागावर बसविण्याच्या लोखंडी दांड्यांना केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये मनाई केली. त्या पादचाऱ्यास घातक ठरतात आणि धडकेच्या वेळी हवेच्या पिशव्यांच्या कामातही व्यत्यय आणू शकतात. नोंदणीपत्रातील वर्णनाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, हे जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले. तेव्हा हौसेने लावलेल्या अशा दांड्यांची किंमत दोनदा मोजावी लागते. एकदा दुकानात आणि दुसऱ्यांदा दंडाच्या पावतीवर.

शेवटी कर्जाचा भाग. 10 लाखांचे कर्ज शेकडा 9 दराने पाच वर्षांसाठी घेतले तर दरमहा सुमारे 20 हजार 758 रुपये भरावे लागतात आणि एकूण फेड सुमारे साडेबारा लाखांची होते. तेच सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता 16 हजार 89 वर उतरतो. पण एकूण फेड साडेतेरा लाखांवर जाते. विक्रेता एक लाखाच्या वरच्या पायरीचे वर्णन ‘महिन्याला फक्त सोळाशे रुपये’ असे करतो. ते खरेही असते. फक्त सात वर्षांचे ते सोळाशे मिळून 1 लाख 35 हजार होतात, हे सांगायचे तेवढे राहून जाते.

आता एका बागायतदाराचा हिशेब मांडून पाहावा. समजा, त्याच्यापुढे दोन डिझेल गाड्या आहेत. एक 9 लाख 99 हजारांची, दोन चाकांची, आणि दुसरी 13 लाखांची, चार चाकांची. किमतीतील फरक 3 लाख 1 हजार. महाराष्ट्राच्या वरील दराने नोंदणीकरातील फरक 52 हजार 130. तिऱ्हाइताच्या विम्यातील फरक 13 हजार 956. बेरीज 3 लाख 67 हजारांची. केळीला क्विंटलमागे हजार रुपये मिळाले असे धरले, तर 367 क्विंटल केळी केवळ या फरकापायी वजनकाट्यावर चढवावी लागते. आणि त्यातून खत, पाणी, मजुरी यांचा खर्च अजून वजा झालेलाच नाही.

हा फरक द्यावा की देऊ नये, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. ज्याची वस्ती नाल्यापलीकडे आहे, ज्याला पावसाळ्यात रुग्णाला घेऊन रात्री-अपरात्री चिखलातून निघावे लागते, त्याला चार चाकांचा जोर ही चैन नव्हे. त्याने तो जरूर घ्यावा आणि त्याऐवजी पडदा, कातडे व छतातील खिडकी यांचा मोह आवरावा. खालच्यात खालच्या पायरीवर चार चाके कोठे मिळतात, हा प्रश्न त्याने दुकानात सर्वांत आधी विचारावा. परंतु ज्याचे येणे-जाणे मुख्यतः बाजार, कचेरी आणि नातलगांच्या घरी पक्क्या सडकेने होते, त्याला ती सोय बहुतेक दिवस नुसती वाहून न्यावी लागेल. अशा गाड्यांत चार चाकांचा जोर कोरड्या डांबरी सडकेवर लावून ठेवणेही चुकीचे; वळणावर पुढची-मागची चाके निरनिराळे अंतर कापतात आणि त्याचा ताण यंत्रावर व टायरांवर येतो. अशा माणसाचे काम दोन चाकांच्या गाडीने, किंवा याहून लहान मोटारीनेही भागेल.

म्हणून नोंदणीचे पैसे भरण्यापूर्वी घरच्या घरी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. गेल्या पावसाळ्यात चिखलामुळे किती दिवस खरोखर अडले. हव्या असलेल्या वस्तूंपैकी कोणत्या त्या दिवशी उपयोगी पडल्या असत्या. आणि कर, विमा व व्याज धरून एकूण रक्कम किती. नोंदणीच्या अर्जावर किंमत नोंदणीच्या दिवसाची की ताबा मिळण्याच्या दिवसाची, हेही वाचून पाहावे. कारण वाट पाहण्याचे महिने लांबले की मधली वाढ बहुधा गिऱ्हाइकाच्याच पदरी येते. हा कागद हाती असला म्हणजे दुकानातल्या झगमगाटात पाय घसरत नाही. चिखलात रुतलेली गाडी ट्रॅक्टर लावून ओढून काढता येते. हप्त्यांत रुतलेल्या संसाराला बाहेर काढणारा ट्रॅक्टर मात्र सहजी मिळत नाही.